बटाट्याच्या निऱ्या

मालाडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात एक वस्तू आली की दुसरी फळीवर चढते. ओव्हन आला तेव्हा पुरणयंत्र आणि सोऱ्या वर गेले. पहिला केक बरा जमला. त्या बळावर, जेवायला पाहुणे येणार होते त्या दिवशी, मी चित्रात पाहिलेला एक बटाटा करायला घेतला. अख्खा, सालासकट, वरून बारीक बारीक चिरा दिलेला आणि भाजल्यावर साडीच्या निऱ्यांसारखा उलगडणारा. माझ्या ओव्हनमधून बाहेर आला तो मात्र निऱ्यांचा नव्हता, बोळा करून ठेवलेल्या साडीचा होता. चकत्या एकमेकींना चिकटलेल्या, साल चामड्यासारखं आणि आत ओलसर गिच्च.

शेजारच्या आंटी ऑर्लेमच्या. ईस्ट इंडियन घरात वाढलेल्या, नाताळात पंधरा-वीस माणसांचं रोस्ट एकटीने उतरवणाऱ्या. त्यांनी काट्याने एक चकती सोडवून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "बटाट्याचं पाणी नाही काढलंस तू."

मला वाटलं होतं, चूक सुरीची असेल किंवा ओव्हनची. पण आंटींचं वाक्य धरून मी पुढचे बटाटे भाजत गेले आणि लक्षात आलं की या पदार्थाची सगळी विद्या त्या एका वाक्यात आहे. कोणता बटाटा घ्यायचा, चिरा किती जवळ द्यायच्या, मिठाच्या पाण्यात का ठेवायचा, लोणी की तूप, ओव्हनचं दार कधी उघडायचं, यांतला प्रत्येक प्रश्न शेवटी पाण्यापाशीच येतो.

पाण्याने भरलेला कंद

बटाटा हातात घेतला की तो घट्ट, भरीव लागतो. प्रत्यक्षात त्याचा पाऊण भागाहून जास्त, जवळजवळ ८० टक्के, पाणीच असतं. उरलेल्यात मोठा वाटा पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा. प्रथिनं दोनेक टक्के, बाकी तंतू, साखर आणि क्षार. म्हणजे १२० ग्रॅमच्या बटाट्यात ९० ग्रॅमहून अधिक पाणी असतं. अर्धी वाटीभर पाणी सालीच्या पिशवीत बांधून ठेवावं तसं.

हे पाणी पेशींमध्ये असतं आणि त्याच पेशींत पिष्टाचे कण पडलेले असतात. बटाटा तापला की साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला हे कण शेजारचं पाणी पिऊन फुगतात. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन त्यानंतर सैल होतं. तेव्हा आपण म्हणतो, बटाटा शिजला. शिजणं इथे संपतं. भाजणं त्यानंतर सुरू होतं, आणि तिथे पाणीच आडवं येतं. कारण जोपर्यंत एखाद्या जागी पाणी आहे, तोपर्यंत ती जागा १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. ओव्हनचा काटा २०० वर असो की २२०, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. पृष्ठभाग कोरडा झाला की मगच तापमान चढतं. साधारण १४० अंशांच्या आसपास साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं यांची ती प्रसिद्ध प्रक्रिया जोरात सुरू होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मैलार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मैलार प्रक्रिया. खरपूसपणा, सोनेरी रंग, पावाच्या कडेचा वास, सगळं तिचंच. ओल्या बटाट्यावर ती होत नाही.

आपल्या काचऱ्यांचंही हेच. पातळ चिरून, पसरट तव्यावर, झाकण न ठेवता परतलेल्या काचऱ्या कुरकुरीत होतात. तेच काप कढईत झाकून ठेवले की भाजी होते. बटाटा तोच, वाफेला वाट मिळाली की नाही एवढाच फरक.

पाणी काढण्याचा जुना उद्योग

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथल्या लोकांनी तो टिकवण्यासाठी जी युक्ती शोधली, तीही पाण्याशीच झुंजणारी आहे. उंच पठारावर रात्री कडाक्याच्या थंडीत बटाटे उघड्यावर पसरायचे. आतलं पाणी गोठून पेशी फुटतात. दिवसा उन्हात ते मऊ पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि पुन्हा वाळवायचे. काही दिवसांत हलका, खडखडीत 'चुन्यो' तयार होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

आपल्याकडे थंडी नव्हती, पण ऊन होतं. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर साडी अंथरून घातलेले बटाट्याचे वेफर्स आणि कीस हा त्याच उद्योगाचा मराठी अवतार. काप आधी तीन-चार पाण्यांतून धुवायचे, म्हणजे कापताना फुटलेल्या पेशींतलं सुटं पिष्ट निघून जातं आणि काप एकमेकांना चिकटत नाहीत. पाण्यात तुरटी फिरवायची, त्याने काप पांढरे राहतात आणि उकळताना मोडत नाहीत. आजीला पेक्टिनचं नाव ठाऊक नव्हतं, पण त्याला घट्ट कसं ठेवायचं हे ठाऊक होतं.

आणि भाजलेला बटाटा म्हणावा तर तोही आपल्याकडे आहेच. रायगडात अलिबाग-पेणच्या बाजूला थंडीत शेतावर पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, कुणाची अंडी, कुणाची मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. पाणी थेंबभरही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. बटाटा आपल्याच पाण्यात शिजतो आणि मडक्याच्या अंगाला लागतो तिथे भाजला जातो. मालाडच्या पूर्वेकडून जाणारा महामार्ग धरून गुजरातेत वलसाडकडे गेलात, तर हिवाळ्यात रस्त्याकडेला असंच मडक्यात भाजलेलं उबाडियूं मिळतं. त्यातही कंद आणि बटाटे असतात. तेव्हा भाजलेल्या बटाट्याला साहेबी पदार्थ समजून बिचकायचं कारण नाही.

नावाने तर तो आमच्या बाजूचाच आहे. उत्तरेत आलू म्हणतात, आपण बटाटा म्हणतो, कारण हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई, मुंबई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. मालाड हे त्या साष्टी बेटावरचंच गाव. पुढे दोनशे वर्षं, मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेईपर्यंत, इथे त्यांचा अंमल होता. पाव, पपई, अननस, काजू हे शब्द याच वाटेने आले. गंमत अशी की 'बटाटा' हा शब्द आधी रताळ्याचा. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी रताळ्याला दिलेलं नाव स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचललं आणि पुढे ते या दुसऱ्या कंदाला चिकटलं.

हासेलबाकनचा बटाटा

निऱ्यांच्या बटाट्याचं नाव हासेलबॅक. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिथल्या यूर्गोर्डन बेटावर हासेलबाकन नावाचं जुनं उपाहारगृह आहे, त्यावरून हे नाव पडलं. १९५३ मध्ये तिथे शिकाऊ असलेल्या लेइफ एलिसन यांना या पदार्थाचं श्रेय दिलं जातं.

युरोपच्या मेजवान्यांत बटाट्याचे याहून नटवे प्रकार होते. पॅरिसच्या कॅफे आंग्लेमध्ये एकोणिसाव्या शतकात आदोल्फ द्युग्लेरे या आचाऱ्याने 'पॉम आना' केला. कागदासारख्या चकत्या लोण्यात भिजवून, फुलासारख्या रचून भाजलेली ती वडीच. 'डचेस' बटाट्यात उकडलेला बटाटा गाळून, त्यात अंड्याचा बलक आणि लोणी घालून, चांदणीच्या तोंडाच्या पिशवीतून त्याचे तुरे पाडायचे आणि भाजायचे. हे वाचल्यावर मला फळीवरचा सोऱ्या आठवला. चकलीची चांदणी लावून तुरे सुरेख पडतात, पिशवी विकत आणावी लागत नाही.

पण घरी करायला हासेलबॅकच बरा. साचा नको, रचना नको, अंडं नको. एक सुरी आणि तासभर धीर पुरे. शिवाय त्याचं सौंदर्य वरून चढवलेलं नाही. ज्या चिरा त्याला देखणं करतात, त्याच चिरांतून पाणी बाहेर पडतं. हिशेब करून पाहा. ८ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर जाड बटाट्याचा बाहेरचा पृष्ठभाग ढोबळमानाने ११० चौरस सेंटीमीटर भरतो. त्याला पंचवीस चिरा दिल्या की नव्याने उघड्या पडणाऱ्या बाजूंची बेरीज पाचशेच्या घरात जाते. वाफ निघायला आणि तूप शिरायला पाचपट दारं उघडतात. अख्खा बटाटा भाजला तर फक्त साल खरपूस होतं. इथे प्रत्येक चकतीची कड खरपूस होते आणि तळाशी मऊ गर राहतो. काचऱ्या आणि उकडलेला बटाटा एकाच घासात.

बाजारात: कोणता बटाटा उचलायचा

मालाड पश्चिमेचा सोमवार बाजार असो की पूर्वेचा दफ्तरी रोड, बटाट्याच्या ढिगापुढे भाजीवाला फार तर 'जुना' आणि 'नवा' सांगतो. या दोन शब्दांत आपल्याला हवं ते बरंचसं आलं.

उत्तर प्रदेश आणि गुजरातचा रब्बीचा बटाटा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. तो 'नवा'. साल इतकं पातळ की अंगठ्याने सोलावं, आत पाणी जास्त. रस्सा भाजीला उत्तम, भाजायला कमी प्रतीचा. हाच बटाटा पुढे शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवतात आणि तो वर्षभर येत राहतो. तो 'जुना'. साल जाड, गर कोरडा. पण थंडीत एक गडबड होते. बटाटा आपल्या पिष्टाची साखर करायला लागतो. असा बटाटा भाजताना साखर लवकर करपते. आत शिजायच्या आधीच कडा तपकिरी होतात आणि चव किंचित गोडूस लागते. यावर उपाय सोपा आहे. असे बटाटे घरी टोपलीत, अंधाऱ्या आणि वारा खेळणाऱ्या जागी दोन आठवडे ठेवले की बरीचशी साखर पुन्हा पिष्टात परतते. त्याच कारणाने बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

आपल्या राज्यात पावसाळी पीकही निघतं. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचं सातगाव पठार खरिपाच्या बटाट्यासाठी नावाजलेलं आहे. जून-जुलैत लावणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. १९७२ मध्ये केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने दख्खनच्या पठाराला मानवेल असं लवकर येणारं वाण दिलं, त्याचं नावच 'कुफरी लवकर'. कुफरी म्हणजे सिमल्याजवळचा डोंगर, संस्थेच्या सगळ्या वाणांच्या नावाआधी तो असतोच. पुढचा शब्द मात्र सरळ मराठी.

वाण ओळखता येत नसेल तर घरी एक परीक्षा करा. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि बटाटा त्यात सोडा. बुडाला तर त्यात पिष्ट जास्त, पाणी कमी. तो भुसभुशीत होणार, भाजायला घ्या. तरंगला तर पाणी जास्त, तो कापला तरी आकार धरून राहणार, रश्श्याला ठेवा. चिप्सचे कारखानेही बटाट्याची घनता मोजतात, तत्त्व हेच.

आकार लांबट, सगळे सारखे आणि किलोत आठ-नऊ बसतील एवढे घ्या. हिरवट झालेला बटाटा नको. उजेडात राहिलेल्या बटाट्यात सोलानिन वाढतं. ते कडू आणि बाधणारं असतं आणि भाजल्याने जात नाही. पावसात मुंबईत बटाट्याला कोंब लवकर फुटतात, तेव्हा एका वेळी आठवड्यापुरतेच घ्या.

सुरी, मग पाणी

साल काढायचं नाही. ब्रशने किंवा काथ्याने घासून धुवा. बटाटा डुलू नये म्हणून खालून नखभर काप काढून त्याला बैठक द्या. आता पोळपाटावर दोन लाकडी चमचे समांतर ठेवा आणि मधे बटाटा. सुरी चमच्यांच्या दांड्यांवर आदळून थांबते, बटाटा तळाशी जोडलेला राहतो. या कामाला विळी नको. विळीवर बटाटा वरून खाली येतो आणि कुठे थांबायचं ते डोळ्यांना दिसत नाही.

दोन चिरांमध्ये तीन मिलिमीटर अंतर. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की होते तेवढी जाडी. याहून पातळ चकत्या करपतात. जाड राहिल्या तर निऱ्या पडत नाहीत, नुसते दात दिसतात. पहिल्या बटाट्याला पाच मिनिटं लागतील, आठव्याला दीड.

यानंतर मी पहिल्या वेळी जे गाळलं होतं ते. बटाटे साध्या पाण्याखाली उलटे धरून चिरा धुवा, म्हणजे सुटं पिष्ट निघून जाईल. हे पिष्ट राहिलं तर तापल्यावर त्याची खळ होते आणि चकत्या चिकटतात. माझा बोळा त्यानेच झाला होता. मग लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून बटाटे त्यात अर्धा तास बुडवून ठेवा.

मीठच का? शाळेत बटाटा कोरून परासरणाचा प्रयोग केला असेल, तो आठवा. बाहेरचं पाणी खारट असलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. साध्या पाण्यात याच्या उलट होतं. पेशी पाणी पिऊन ताठ होतात आणि चकती वाकवायला गेलं की कट्कन मोडते. मिठाच्या पाण्यातली चकती लवचीक होते, बोटाने हलकेच उघडली तरी तुटत नाही. निऱ्या पडायला हीच लवचीकता हवी. शिवाय मीठ आतपर्यंत पोचतं, वरून भुरभुरायची गरज राहत नाही.

अर्ध्या तासाने बटाटे काढा, उलटे करून निथळा आणि सुती फडक्यात एकेक दाबून कोरडा करा. फडकं ओलं होईल ते पाहा. तेवढी वाफ आता ओव्हनला करावी लागणार नाही.

तूप आणि ताप

स्वीडनमध्ये लोणी लावतात. आपल्याकडे लोण्याहून चांगली वस्तू घरात आहे. बाजारच्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी आणि थोडा दुधाचा अंश असतो. पाणी खरपूसपणाला आडवं येतं आणि दुधाचा अंश २०० अंशांच्या ओव्हनमध्ये काळा पडतो. फ्रेंच आचारी म्हणून लोणी वितळवून, निवळून, वरचं स्वच्छ स्निग्ध तेवढं घेतात. आपण लोणी कढवून साजूक तूप करतो तेव्हा त्यातलं पाणी उडालेलं असतं आणि दुधाचा अंश बेरीत गेलेला असतो. तुपाला २०० अंशांचं भय नाही. लोण्याची चव हवीच असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत एक तुकडा ठेवा.

ओव्हनबद्दल दोन शब्द. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा दिवाळीत नानकटाईचं साहित्य डब्यात घेऊन आपण बेकरीत रांग लावायचो. त्या भट्टीच्या विटा तासन्तास ताप धरून ठेवायच्या. दार उघडलं तरी भट्टीला फरक पडत नसे. ओट्यावरच्या ओव्हनचा पत्रा पातळ. दार उघडलं की ताप निघून जातो. म्हणून १५ मिनिटं आधी तापवणं टाळू नका आणि सारखं डोकावू नका. जोडणी १६ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटलाच करा. खर्चाची धास्ती असेल तर, १५०० वॉटचा ओव्हन तासभर चालला तरी वीज दीड युनिटच्या आतच जळते, कारण हवा तो ताप आला की थर्मोस्टॅट मधेमधे प्रवाह तोडतो.

फॉइलमध्ये बटाटा गुंडाळू नका. फॉइलमध्ये वाफ कोंडते आणि बटाटा उकडतो. ट्रेमध्ये दोन बटाट्यांत दोन बोटं जागा सोडा, तीही वाफेसाठीच.

कृती

साहित्य: लांबट जुने बटाटे १ किलो (८ किंवा ९), पातळ केलेलं साजूक तूप पाव वाटी, लसणाच्या ६-७ पाकळ्या ठेचून, शिळ्या पावाचा चुरा अर्धी वाटी, ताजी भरडलेली मिरी १ चमचा, बारीक चिरलेली कोथिंबीर, आवडत असल्यास किसलेलं चीज. भिजवण्यासाठी १ लिटर पाणी आणि २ मोठे चमचे मीठ.

१. वर सांगितल्याप्रमाणे बटाटे चिरा, धुवा, मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, कोरडे करा.

२. ओव्हन २०० अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून तापवा.

३. बटाट्यांना बाहेरून निम्मं तूप चोळा. चिरा अजून मिटलेल्या असतील, जबरदस्तीने उघडू नका. ट्रेमध्ये मांडून मधल्या कप्प्यात ३० मिनिटं भाजा.

४. ट्रे बाहेर काढा. दार उघडताच वाफेचा झोत येईल, चेहरा बाजूला ठेवा. ही कोंडलेली वाफ बाहेर जाऊ देणं हेच या टप्प्याचं काम. चकत्या आता आकसून थोड्या सुटल्या असतील. ब्रशने उरलेल्या तुपातलं बरंचसं तूप चिरांत शिरेल असं लावा.

५. पुन्हा १५-२० मिनिटं भाजा. सुरीचं टोक तळापर्यंत सहज गेलं पाहिजे.

६. पावाचा चुरा, लसूण, मिरी आणि उरलेलं तूप एकत्र करून वरून पसरा, हवं तर चीज. फक्त वरचा रॉड ठेवून ८-१० मिनिटं. रंग सोनेरी झाला की थांबा. कोथिंबीर भुरभुरा.

लसूण आणि मसाला शेवटीच का, तर कोरडी बारीक वस्तू तासभर ओव्हनमध्ये राहिली की करपून कडू होते. थांबायचं सोनेरीवरच का, यालाही कारण आहे आणि तेही स्वीडनमधूनच आलं. २००२ मध्ये तिथल्या संशोधकांनी आणि अन्न प्रशासनाने जाहीर केलं की पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजताना-तळताना ॲक्रिलामाइड तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. घाबरून बटाटा सोडायचा नाही, फक्त काळपट होऊ द्यायचा नाही.

आपापल्या चवीचे

एकदा निऱ्या जमल्या की वरचं नेसणं बदलता येतं. आंटी चुऱ्याऐवजी चिमूटभर बाटली मसाला तुपात कालवून लावतात. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात वर्षाचा कुटून काचेच्या बाटल्यांत भरून ठेवतात तो मसाला. आमच्याकडे मेतकूट आणि तूप चालतं. कोरडी लसणीची चटणी तर या निऱ्यांसाठीच केली असावी इतकी शोभते.

उपासालाही हा बटाटा चालतो. पाणी सैंधवाचं घ्या, तुपात जिरं आणि वाटलेली हिरवी मिरची, वरून चुऱ्याऐवजी भाजलेल्या दाण्याचं भरड कूट. सोबत गोड दह्याची वाटी. एकादशीच्या साबुदाण्याला एवढा देखणा सोबती दुसरा नाही.

ओव्हन नसेल तर मालाडच्या गुजराती-मारवाडी शेजाऱ्यांकडे बघा. बाटी भाजायचा गॅसवरचा गोल ओव्हन बऱ्याच घरांत असतो, त्यात मध्यम आचेवर हे बटाटे उत्तम होतात. तो मध्यंतरी एकदा उघडून वाफ मात्र जाऊ द्या. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं पुरतात, कारण त्यातला पंखा वाफ सतत बाजूला सारतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र नाही. तिथे उष्णता पाण्यातूनच निर्माण होते आणि भोवतीची हवा गार असते, त्यामुळे बटाटा शिजतो पण खरपूस होत नाही.

बिघडलं तर कारण शोधणं अवघड नाही. चकत्या चिकटल्या तर धुण्यात कसूर झाली. चकत्या मोडल्या तर मिठाचं पाणी कमी पडलं. वर काळे, आत कच्चे राहिले तर बटाटा थेट शीतगृहातला होता किंवा ट्रे वरच्या रॉडजवळ होता. मऊ गिच्च झाले तर बटाटा नवा होता, किंवा ट्रे गच्च भरला होता.

ताटात कुठे

साहेबाच्या ताटात हा बटाटा मांसाच्या शेजारी बसतो. आपल्या पानात मीठ-लिंबाच्या बाजूला चटणी-कोशिंबीर आणि समोर भाजी, असा ठरलेला थाट. हा बटाटा काचऱ्यांच्या जागी बसवला की पंगतीला वेगळं काही केल्यासारखं वाटत नाही. वरणभात, तूप, लिंबाची फोड आणि एक निऱ्यांचा बटाटा. मसालेभात आणि मठ्ठ्यासोबतही जमतो. रस्सा, आमटी मात्र त्याच्या अंगावर वाढू नका, बाजूला वाटीत द्या.

आणि शेवटची सूचना, जी कुठल्याच कृतीत लिहिलेली नसते. बटाटा ओव्हनमधून निघाला तरी त्याच्या पोटात पाणी उरलेलंच असतं. बाहेर तो थंड होऊ लागला की ते पाणी हळूहळू कडांकडे सरकतं आणि दहा-पंधरा मिनिटांत निऱ्या मऊ पडतात. झाकण ठेवलंत तर त्याहून लवकर. म्हणून आधी माणसं पानावर बसवा, मग ओव्हनचं दार उघडा.